फ्योनची रात्र

डोंगराच्या पलीकडे पाऊस सांडून
अलीकडे कोरडाच उतरतो फ्योन,
आणि ओबरमाट गावातल्या सगळ्या चुली विझतात.
कायदाच आहे तसा. पाव नाही, कॉफी नाही,
म्हाताऱ्यांना पाइपसुद्धा नाही.
बाबा, बाल्झ फुरर, वाऱ्याच्या रात्रींचे पहारेकरी,
घरोघरच्या धुराड्यावर तळहात ठेवत हिंडतात,
तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा,
आणि वहीत लिहितात:
थंड. थंड. त्सग्राग्गेनांचं कोमट, ताकीद दिली.

आई आणि मी अंधाऱ्या स्वयंपाकघरात.
छपरावरचे दगड कुरकुरतात,
गोठ्यात गाई उभ्याच.
"एवढी ऊब याला देतं कोण?" आई विचारते. "आफ्रिका?"
"कुणीच नाही," मी सांगते,
झुरिचला परीक्षा देऊन नुकती आलेली,
सूत्रं अजून जिभेवर ताजी.
"तो फक्त खाली उतरतो. खाली दाब जास्त.
दाबला जातो म्हणून तापतो,
हजार मीटरला दहा अंश.
उष्णता कुणाकडून घेतली नाही, कुणाला दिली नाही.
रुद्धोष्म म्हणतात याला."
ती शब्द ओठांत घोळवून बघते.
"तुझ्या बापासारखं," म्हणते.

मग मी आदर्श वायूचं सांगत बसते.
कण असे, की त्यांना एकमेकांची ओढ नाही,
जागा म्हणून अडवत नाहीत,
आदळतात, वेगळे होतात,
मनात काही धरत नाहीत.
"असा वायू असतो?"
"नसतो. पण हवा बरीचशी तशी वागते."
आई शिळा पाव आणि चीज पुढे सरकवते.
"बरीचशी," म्हणते.

तिला पटलेलं नाही, दिसतंच.
मी खुंटीवरचा सायकलचा पंप काढते,
तोंडावर तिचा अंगठा घट्ट धरायला लावते.
"आता दांडा ढकल. सपकन."
ती ढकलते सावकाश,
झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण सारावं तशी.
काहीच होत नाही.
"हळू दाबलंस तर ऊब नळीच्या अंगातून निघून जाते.
हवा होती तेवढीच गार राहते."
"मी सगळं हळूच केलं गं," आई म्हणते,
"अठ्ठावीस वर्षं."
आणि टेबलावरचे पावाचे कण
बोटाच्या टोकाने टिपत राहते.

पहाटे जाग आली. वारा अजून दार हलवत होता.
स्वयंपाकघरातून आवाज,
सप, सप, सप.
आई एकटी, केस सुटलेले,
पंप गुडघ्यात धरून
जीव खाऊन ढकलत होती,
थांबत होती,
नळीला गाल लावत होती.

दारात बाबा. हाताला काजळी.
कधीपासून उभे होते कोण जाणे.
आधी सवयीनं आमच्याच धुराड्यावर तळहात ठेवला.
थंड.
मग पंपावर ठेवला.
वही उघडली, पेन्सिल जिभेला लावली,
आणि बराच वेळ
रकाना शोधत राहिले.