बरणी

पहिल्याच तासाला व्हर्ना स्टिडहॅमनं
टेबलावर एक काचेची बरणी ठेवली.
आत कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी.
म्हणाली, हे ओडेल मेनरच्या नळाचं.
तहान कोणाला लागली आहे?

आम्ही बत्तीस जण. कोणी हललं नाही.
"ठीक," तिनं खडू उचलला,
"आता हेच कायद्याच्या भाषेत सांगा."

दीड तास आम्ही सांगत राहिलो.
निष्काळजीपणा. नुकसान. कार्यकारणभाव.
प्रत्येक शब्द ती फळ्यावर लिहायची
आणि विचारायची,
ओडेलच्या बायकोला हा कळेल का?
तास संपला तेव्हा फळ्यावर उरलं होतं
फक्त 'पाणी'.

वेस्ट व्हर्जिनियातलं ते छोटं कॉलेज,
तळघरात, बॉयलरला लागून तिचं विधी सहाय्य केंद्र.
दोन टेबलं, गळका पाइप, त्याखाली बादली.
शनिवारी तिच्या खडखडणाऱ्या गाडीतून
आम्ही दरीत उतरायचो,
कोळसा धुण्याच्या कारखान्याखालच्या वस्तीत.
वाटेत ती एकच सूचना द्यायची:
कॉफी दिली तर नाही म्हणू नका.
पाणी अकरा मैलांवरून विकत आणलंय त्यांनी.
आणि कप अर्धा टाकून उठू नका.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये,
हे त्या दरीतही ठाऊक होतं.
पण शहाणपण परवडायला
आधी घरात प्यायला पाणी लागतं.

नऊ वर्षं.
कंपनीचे चार वकील, त्यातले दोन तिचेच विद्यार्थी.
गार्नर ट्रिप्लेटनं भर कोर्टात
तिच्याच जुन्या निबंधातला उतारा
तिच्याविरुद्ध वाचून दाखवला.
ती उभी राहिली, चष्मा पुसला.
"उतारा बरोबर आहे.
पुढचं वाक्यही वाच, गार्नर."
त्यानं वाचलं. कान लाल झाले त्याचे.
तरीही खालच्या कोर्टात आम्ही हरलो.

अपिलात मिळाली ती तडजोड.
वस्तीला नवी पाइपलाइन,
घरटी थोडे पैसे,
आणि एक कलम: कंपनी कोणताही दोष मान्य करत नाही.
त्या कलमावर ती रात्रभर बसून होती.
सकाळी सही केली आणि
नऊच्या तासाला वेळेवर आली.
विषय होता करार.
त्या दिवशी तिनं एकही प्रश्न विचारला नाही.

चेक ओडेलच्या नावानं आला.
ओडेल मार्चमध्येच गेला होता.
बँकेनं तो वटवायला नकार दिला,
म्हणून बँकेशी आणखी सात महिने.
त्याची फी? मेनरबाईंनी दिलेला
सफरचंदाचा मुरंबा.

चौतीस वर्षांनी ती निवृत्त झाली तेव्हा
तळघराच्या खिडकीत एकसष्ट बरण्या होत्या,
प्रत्येकीवर तारीख, आडनाव, नळ की विहीर.
रंगकाम करायचं आहे, हलवाल का, असं
डीननं फार अदबीनं विचारलं.
मुरंब्याची रिकामी बरणीही त्यांतच होती,
लेबलाशिवाय.

ओडेलची मी मागून घेतली.
आता ती माझ्या टेबलावर असते,
दोन काउंट्यांपलीकडे, केशकर्तनालयाच्या वरच्या खोलीत.
इतकी वर्षं न हलता राहिल्यानं
गाळ तळाशी बसलाय, वर पाणी नितळ.
येणाऱ्याला वाटतं, शोभेची असेल.

नवा शिकाऊ वकील आला की
मी काही बोलत नाही.
झाकण घट्ट आहे ना बघते,
आणि बरणी जोरात हलवून
त्याच्यासमोर ठेवते.