सतरावं पान

त्या माणसाला मी चेहरा दिला नव्हता.
प्रकाशकांचं म्हणणं तसंच होतं:
मुलांना राग माणसाचा नको यायला,
करवतीचा यावा.
म्हणून पिवळं हेल्मेट, खाली नुसती सावली,
समोर आडवं पडलेलं झाड,
आणि फांदीला बिलगलेलं ओरांगउटानचं पिल्लू,
डोळे जरा जास्तच मोठे.
असे डोळे खपतात. मला ठाऊक होतं.

बांडुंगच्या शाळांमधून पुस्तक छान चाललं.
सतराव्या पानावर मुलं रडायची,
अठराव्यावर हात वर करून शपथ घ्यायची,
मग डबे उघडून केळ्याची भजी खायची,
त्याच तेलातली.

इथं यायला सांपितहून तीन तास होडी,
पुढं मळ्याचा ट्रक.
दोन्हीकडं पाम, पाम, पाम,
पाढे म्हणायला उभे केल्यासारखे.
शाळेचा पत्रा कंपनीचा, फळाही कंपनीचा.
दलदल आतून जळत होती, आठवडाभर धूर.
सुलास्त्रीबाईंनी खिडक्यांना ओल्या चादरी बांधलेल्या
आणि बत्तीस मुलं चटईवर दाटीवाटीनं.
मी वाचत होते, कुणीतरी सारखं खोकत होतं.

सतरावं पान.
कुणी रडलं नाही.
दुसऱ्या रांगेतली रोफिना उठून पुढं आली,
हेल्मेटवर बोट ठेवलं:
"हा माझा बापा."
मग चित्रात इकडंतिकडं शोधून,
"डबा कुठं ठेवलाय त्यानं?"

मी म्हटलं, हा दुसराच कुणी आहे गं.

"मग याला तोंड का नाही?"

उत्तर होतं. शेवटच्या पानावर छापलेलंच होतं,
शिक्षकांसाठी, बारीक टायपात.
मी पान उलटलं नाही.

रात्री पुस्तक शाळेतच राहिलं.
सकाळी बाई दारात उभ्या, हातात खोडरबर,
माझ्याआधी त्याच ओशाळलेल्या.
त्याला डोळे आले होते. एक वर, एक खाली.
मिशी. नाकावर रुमाल, रुमालाखालूनही दिसणारं तोंड.
करवत होती तिथंच होती,
पण दुसऱ्या हातात डबा,
आणि डब्याच्या पत्र्याआडून भात दिसत होता,
शीत न् शीत.
पिल्लाला तिनं हातही लावला नव्हता.

खोडू नका, म्हटलं.

परतल्यावर मी पुष्कळदा काढून पाहिला तो डबा,
नव्या आवृत्तीसाठी.
माझा भात भातासारखा होत नाही.

निघताना ट्रकपाशी आली होती रोफिना.
"पुढच्या पानावर तो घरी येतो का?"

पुढच्या पानावर मी एक रोपटं काढलंय,
भोवती शहरातली मुलं, हात धरून.
घर
काढायचं सुचलंच नव्हतं मला.