अनुभवाचा रकाना

अजिंठा चौफुलीजवळ माझं झेरॉक्सचं दुकान.
फेब्रुवारीत डाळमिलला हमाल लागतात:
बायोडाटा नको, आधारची प्रत पुरते.
एप्रिलात पाइपवाल्यांची जाहिरात आली, जागा चार,
त्या दिवशी टोनर संपला.
जूनपासून आयटीआयची पोरं.
फोटोत सगळ्यांचा एकच निळा शर्ट,
माझ्याच खुंटीवरचा, कॉलर मळलेली.
चटईवाले दिवाळीआधी घेतात,
दिवाळीनंतर सोडतात.

डिगंबर बऱ्हाटे सोळाव्यांदा आला.
'अनुभव'मध्ये काय टाकू?
म्हणाला, टाका: अर्ज करणे, सहा वर्षं.
टाइप केलं. दोघं हसलो. मग खोडलं.
किती प्रती?
नेहमी दहा सांगणारा म्हणाला,
एकच.

तेव्हापासून फिरकला नाही.
चहावाला विचारतो, लागनी का त्याले?
वहीत तर लागलेला आणि थकलेला
सारखेच दिसतात, कोरे.
शर्ट मात्र त्याच्याकडेच आहे.