समेवर

कंपनीला मी तिसऱ्यांदा लिहिलंय.
पहिल्यांदा उत्तर आलं, आपले आभारी आहोत,
दुसऱ्यांदा तेच,
स्वल्पविरामासकट.

म्हणे हक्कांचा गुंता आहे.
गाणी एकाची, चेहरे दुसऱ्याचे,
ठोसे ज्यांनी बसवले ते तिसरेच,
आणि ते तिसरे केव्हाच बुडाले.
आमच्या देवरुखच्या कातळासारखं झालंय हे,
सातबाऱ्यावर सतरा नावं
आणि गवत कापायला कुणी नाही.

गुदैबिया, मनामा. दुसरा मजला.
खाली कुट्टीहसनचं कोल्ड स्टोअर,
आमच्या एसीचं पाणी त्याच्या कांद्यांवर ठिबकायचं.
सुट्टी तेव्हा गुरुवार-शुक्रवारी असायची.
नमाज आटोपून दिलमुराद यायचा,
अत्तराचा वास, शंभर फिल्सचे चिप्स.
जोमार आधीच सोफ्यावर,
त्याच्या आईची सलमानियाला ड्यूटी
आणि आमच्याकडे भात असायचा म्हणून.

डिस्क खरी नव्हती, अर्थात.
बाब-अल-बहरीनच्या मागच्या गल्लीतली, दीड दिनारची,
वर मार्करने लिहिलेलं नावही चुकीचं.
अडकली की टूथपेस्ट लावायची,
बनियनने पुसायची, मधून बाहेर, गोल नाही.
आजही दात घासताना
माझ्या कानात पहिल्या फेरीची घंटा वाजते.

आत एक तळघर होतं.
ढगळ पँटी, सोन्याच्या साखळ्या,
भोवती गर्दी,
पडलेल्याला उचलून पुन्हा आत ढकलणारी.
आणि खालून येणारा बास,
ज्याने शोकेसमधला काचेचा उंट
दर शुक्रवारी एक सूत पुढे चालायचा.

तालावर बसलेला ठोसा दुप्पट लागतो
हे आम्हाला माहीतच नव्हतं.
बाबांनी शोधलं.
ॲल्युमिनियमच्या भट्टीवरून रात्रपाळी करून आलेले,
लुंगीत, चहात खुबूस बुडवत,
मंडळाच्या गणपतीत तबला वाजवणारे बाबा.
म्हणाले, "चारच मात्रा आहेत गं. घाई कसली?
समेवर मार."
आणि मांडीवर मोजू लागले.

शब्द त्यांना एक कळत नव्हता. मलाही.
आई आतून विचारायची,
हा माणूस एवढा चिडलाय कुणावर?
दिलमुराद सांगायचा, "आंटी, घरमालक पे."
हे तिला पटायचं.

हरायला लागला की दिलमुराद वायर उपटायचा.
पायाच्या अंगठ्याने,
चुकून लागला असं दाखवत.
जोमार किंचाळायचा, मी उशी फेकायचे,
तो म्हणायचा, खल्ली वल्ली.
पुन्हा लाव.

जोमार आधी दोहाला गेला, मग कुठेतरी बर्फात.
दिलमुरादचं मुहर्रकला गॅरेज होतं,
तिथे आता फुलवाला आहे.
उंट एका शुक्रवारी पडला. तीन पायांवर ठेवलाय.

काल खोका उघडला.
मेमरी कार्डावर तो अजून होता,
दिलमुरादने घडवलेला माणूस,
कपाळाला पट्टी, एक भुवई कापलेली.
तीनच इंग्रजी अक्षरं मावायची,
म्हणून नाव नुसतं दिल.
खांदे वरखाली करत उभा,
वीस वर्षं श्वास घेत.

मी माझी निवडली. त्याला यंत्राने चालवलं.
नीट लढला. फारच नीट.
मी जिंकत होते,
आणि माझा पाय
आपोआप वायरीकडे गेला.

तर साहेब, चौथ्यांदा लिहिते.
चेहरे हवे तर दुसरे घ्या.
घाम एवढा चकचकीत करू नका.
गर्दी ठेवा, ढकलणारी.
बास असा ठेवा की देवरुखला फोनवर धरला
तर एका कमी ऐकू येणाऱ्या माणसाला
मांडीवर मोजता यावा.
आणि ते बिनवायरीचं काही नको.
वायर हवी.
फार लांब नको,
पायाच्या अंगठ्याला पोचेल एवढी.