नगण्य

प्लॉट एकतीस. घोट्याच्या वर ओलं शेवाळ,
काळा स्प्रूस माझ्या मनगटाएवढा.
गिरमिट पिळून पेन्सिलीहून बारीक कांडी काढली,
भिंग धरलं, वलयं मोजत गेलो.
दोनदा चुकलो, डासांमुळे.
एकशे बेचाळीस.

"लाकूड किती?" ओडीलनं फॉर्मवर पेन टेकवलं.
"नगण्य."
भोकाच्या तोंडाशी राळेचा थेंब जमत होता.

पलीकडे खाणपट्ट्याची गुलाबी फीत.
तिचा मामा सशांना फास लावायचा
साधारण त्याच ओळीत;
हे तिनं सांगितलं
बूट पिळता पिळता.

मग झुडपं: लॅब्राडोर टी,
चाळीस टक्के.
तिनं वाकून मूठभर पानं खुडली,
चुरून हुंगली, खिशात कोंबली.
"अडतीस लिही," म्हणाली.

मी खोडलं.