शाबलो शिंपी गळ बांधतो

दुर्भाटचा शाबलो शिंपी
दुकान मिटलं की गळ बांधायला बसतो.
शिवणयंत्राच्या दिव्याखाली चिमटा,
चिमट्यात गळ,
गळाच्या पाठीवर लुर्दिनच्या कोंबड्याचं
मानेवरचं तांबूस पीस.
लुर्दिनला ठाऊक आहे. ती फक्त कोंबड्याकडे बघते,
मग शाबल्याकडे.

जरीचा धागा कुणाच्यातरी लग्नातला,
ब्लाउज बेतून उरलेला.
तीन वेढे, गाठ, दातानं तोडलेला दोरा.

गळ मुलानं पाठवलेले, नॉर्वेहून, बोटीवरून:
‘इथं ह्याच्यावर सामन धरतात, बाबा.
समुद्रात वाढतो,
आणि वास काढत काढत
आपल्याच नदीत परत येतो म्हणे.’

शाबलो हसला.
मग बराच वेळ
सुईत दोरा गेला नाही.

पहाटे मानशीच्या दारात पाणी उलटतं.
चोणक कुठं जातबित नाही,
इथलाच तो, चिखलातला, खाष्ट.
पीस पडतं, भिजतं,
नदीत कुणीतरी फुंकर घातल्यासारखं हलतं.
कधी ओढ लागते, कधी नुसतंच शेवाळ.

एक गळ त्यानं अजून बांधलेला नाही.
टेपेच्या डब्यात, बटणांखाली आहे,
उघडावाघडा.
माप घ्यायचं राहिलंय, म्हणतो.