बारा मिनिटं

खानापूरच्या मैदानात फळा लावलेला:
गजानृत्य स्पर्धा. प्रत्येक संघास बारा मिनिटं.
निवेदक एक वाक्य कानडीत बोलायचा, एक मराठीत,
नियम तेवढे दोन्हीत.

बमूदानं विचारलं, बारा मिनिटं म्हंजे कितपत गा?
मी म्हणालो, एका म्हशीची धार.
"गरीब म्हशीची, का लाथाडीची?"
आणि ढोलाची दोरी परत एकदा आवळली.

जांबोटीच्या वरनं टेम्पोतनं आलेलो आम्ही,
पंधरा गडी, दोन ढोल, एक पावा,
रुमालांचं गाठोडं माझ्या मांडीवर.
सोळावा जकू. गोव्यात हॉटेलात असतो.
फोनवर म्हणाला, सुट्टी देईनात,
खरं माझी जागा मोडू नका.
म्हणून रांगेत माणसाएवढी फट.
परीक्षकानं चष्मा वर करून ती दोनदा बघितली
आणि काहीतरी लिहिलं.

आमच्या आधी शहरातला संघ होता.
सगळ्यांचे सारखे सॅटीनचे झगे,
शेवटी तीन मजली मनोरा,
वरचं पोरगं फडकं हलवत राहिलं,
खुर्च्यांवर उभी राहिली माणसं.

आमचा गजा चालण्यानं सुरू होतो.
नुसतं चालणं.
म्हशी पाण्यावर नेताना माणूस चालतो तसं,
पुढच्या पावलावर सगळा भार टाकायचा नाही,
मागची थांबली तर आपल्यालाही थांबता यावं.
ढोल तेव्हा बोटांनीच वाजतो.
मग ओढा लागतो, दगड निसरडे,
तिथं रुमाल डाव्या हातात घ्यायचा.
सांज होते. मोजदाद होते. एक पारडू कमी भरतं.
इथनं पुढं खरा नाच,
घुंगरं, गिरक्या, हाळ्या,
सोळा जणांनी सोळा वाटांनी रान पालथं घालायचं
आणि पहाटे एका जागी यायचं.

घंटा वाजली
तेव्हा आमचं पारडू अजून रानातच होतं.

उत्तेजनार्थ स्टीलची घागर मिळाली.
तिच्यावर आमच्या वाड्याचं नाव चुकीचं कोरलेलं.
बमूदानं ती उलटी करून कानाशी धरली,
टिचकी मारून बघितली, म्हणाला, पातळ हाय.

रात्री वनखात्याच्या नाक्यावर टेम्पो थांबला.
शिपाई बॅटरी घेऊन आला, नंबर लिहिला,
कानडीत काहीतरी विचारलं.
बमूदा तोवर खाली उतरलेला.
झगा झटकून, कुणाकडंच न बघता म्हणाला,
पारडू घेऊन जाऊया गा.

टेम्पोचे दिवे चालू ठेवले.
ओल्या डांबरावर आमच्या सावल्या
साळवाच्या झाडांपतोर लांब.
फटीच्या जागी कुणाची सावली नव्हती,
तिथनं उजेड सरळ रानात जाऊलाता.
शिपायानं बॅटरी विझवली. मग चप्पल काढली,
का ते मला आजून कळलं नाही.

किती वेळ नाचलो सांगता येणार नाही.
सापडलं एवढं खरं.
कारण शेवटी सगळे एकदमच थांबलो
आणि पाव्यावाला हसूलाता.

सोमवारी उद्यमबागेत, फौंड्रीत,
पहिल्या पाळीचं कार्ड दोन मिनिटं उशिरा पंच झालं.
सुपरवायझर म्हणाला, काय रे, पाय ओढत येतोस?
काय सांगणार त्याला.
गेटपासनं मशीनपतोर
मी मागचीसाठी थांबत आलो होतो.